मुकादमाचं रान

धाराशिवच्या उगवतीला एक खडकाळ माळ होता. कुत्रंसुद्धा तिकडं फिरकत नसे, कारण टेकायला सावलीच नव्हती. बहात्तरच्या दुष्काळात त्या माळावर काम निघालं: खड्डे खणायचे आणि झाडं लावायची. हाताला काम होतं, पोटाला सुकडी होती, त्यामुळं खडकात झाड कसं लावायचं असले प्रश्न कुणी विचारले नाहीत. कामावरचा मुकादम होता श्रीपती. वरून बी आलं ते विलायती बाभळीचं. बी घेऊन आलेले साहेब म्हणाले, हे झाड मरणाला भीत नाही. साहेब पुष्कळ खोटं बोलून गेले, पण एवढं मात्र खरं बोलले.

बी मोठं हट्टी. नुसतं पुरलं की ढिम्म हलायचं नाही. शेवटी श्रीपतीनं धनगराच्या मेंढ्यांना शेंगा चारल्या, लेंड्या गोळा करवल्या आणि त्याच खड्ड्याखड्ड्यांत घातल्या. पुढच्या पावसाळ्यात माळ हिरवा झाला. लोक बघायला यायचे. तेव्हापासून त्या जागेचं नाव पडलं मुकादमाचं रान, आणि दुष्काळी काम संपून गेलं तरी श्रीपतीचं मुकादम हे नाव काही सुटलं नाही.

त्या कामावरची आणखी एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळायचं नाही. माळाच्या मध्यावर शेंदूर फासलेला एक दगड होता, मरीआईचा. खड्ड्यांची रांग तिथवर पोचली आणि बायकांनी पाट्या खाली ठेवल्या. कुणी हात लावीना. श्रीपतीच्या घरानं धम्म घेतला होता. घरातला देव्हारा त्यानं स्वतः विहिरीत सोडला होता. विहारात तो पोरांना सांगायचा, दगड तो दगड. आता सगळे त्याच्या तोंडाकडं बघत होते. त्यानं दगड उचलला, खड्ड्यात ठेवला, वर माती लोटली आणि त्यावर बी टाकलं. 'खाली गारवा ऱ्हाईल झाडाला,' एवढंच म्हणाला. श्रीपतीनं देवीला खड्ड्यात घातलं, असं लोक पुढं कितीतरी वर्षं चहाच्या टपरीवर हसून सांगायचे, आणि सांगता सांगता रानाकडं एक नजर टाकायचे. श्रीपतीला ते ऐकायला आवडायचं. त्याची आई कडूबाई मात्र तेव्हा बरेच दिवस त्याच्याशी बोलली नव्हती.

पुढच्या वीसेक वर्षांत शहर वाढत वाढत माळापर्यंत आलं आणि बाभूळ वाढत वाढत शहरापर्यंत आली. लोक तिला आता वेडी बाभूळ म्हणत. तिच्याखाली घाणेरीची जाळी माजली, वरून लाल-पिवळी फुलं आणि आत दिवसासुद्धा अंधार. कडेकडेनं गाजरगवत कमरेएवढं. आत डुकरं, मोकाट कुत्री, ससे आणि चुकार गुरं. रानाला लागून श्रीपतीची वस्ती होती, तिथल्या बायका सरपणाला रानातच जात. झाडांची एक सहकारी सोसायटी निघाली होती, तिनं श्रीपतीला राखणीचं काम दिलं होतं. संध्याकाळी काठी घेऊन रानाच्या कडेनं तो असा चालायचा की जणू ती सगळी झाडं त्याच्या मांडवातले वऱ्हाडीच. नव्या कॉलनीतली माणसं तक्रार करायची की रानातून काहीबाही येतं. श्रीपती म्हणायचा, दुष्काळात कुठं होता तुम्ही?

त्याच्या घरात तिघंच. तो, आई आणि सून चांगुणा. बायको मागंच वारली होती. मुलगा गुलाब साखर कारखान्यात हंगामी कामाला, दिवाळी झाली की तिकडंच. चांगुणा सातवीपर्यंत शिकलेली. रोज सासऱ्याला पेपर वाचून दाखवायची आणि मधेच स्वतःचं काहीतरी घुसडून त्याला चिडवायची. सून म्हणून आली आणि लेक होऊन बसली. दूध संस्थेकडून घराला एक संकरित गाय मिळाली होती. तिचं सगळं चांगुणाच करायची. गाय चरायला रानातच. संध्याकाळी गाय परत आली की चांगुणा तिच्या कानातले, कासेवरचे गोचीड ओढून काढायची आणि उवा माराव्यात तसे दोन नखांत फोडायची. बोटं लाल व्हायची. सरपणाच्या काट्यांनी हात आधीच फुटलेले असायचे.

कार्तिकात तिला ताप आला. पंचाक्षरी डॉक्टरांनी हिवताप म्हणून गोळ्या दिल्या, एक सुई टोचली. हे डॉक्टर आधी पलटणीत होते, नंतर धाराशिवला दवाखाना टाकून बसले होते. ताप हटला नाही. डोकं फुटेल की काय असं चांगुणा म्हणत होती. मग मनगटावर आणि घोट्यांवर लाल पुरळ उठलं, आणि बघता बघता तळहातावर आलं.

शेजारची मथुराबाई बघायला आली. तिनं हात उचलून बघितला आणि दोन पावलं मागं सरून हात जोडले. बाई आली, असं ती म्हणाली. बाई म्हणजे कोण हे वस्तीत कुणाला सांगावं लागत नाही. मथुराबाईचं म्हणणं सरळ होतं. ह्याच दिवाळीत वस्तीतला एक म्हातारा असाच तापानं आणि पुरळानं गेला, तोही रानात जाणारा. ही पण रानात जाणारी. ज्यानं देवीला पुरलं, त्याच्याच उंबऱ्यात ती वर निघाली.

श्रीपतीचं डोकं फिरलं. आयुष्यभर जे खोडून काढलं तेच सुनेच्या अंगावर उमटलंय असं ही बाई सांगत होती. त्यानं मथुराबाईला सुनावलं, आईला सुनावलं आणि तापानं फणफणलेल्या चांगुणालाही बजावलं: ह्या घरात तापाला रानाचं नाव लावायचं नाही. कुणी विचारलं तर तू रानात जातच नाहीस. चांगुणानं डोळे मिटूनच मान हलवली.

दुसऱ्या दिवशी रिक्षात घालून तिला परत दवाखान्यात नेलं. मथुराबाई न सांगता रिक्षात चढली, आणि आजाऱ्याला धरायला बाईमाणूस हवंच, म्हणून श्रीपतीला तिला उतरवता आलं नाही. डॉक्टरांनी चांगुणाचे तळहात उजेडात धरले, पुरळावर बोट दाबून बघितलं, पायाचे तळवे बघितले.

"मुकादम, ही रानात वगैरे जाते का? गुरांत असते का? गोचीड चावलेला आठवतो का कुठं?"

मथुराबाई दाराला टेकून उभी होती. तिची मान एकदम वर आली. श्रीपतीला ती पाठीमागं असल्याचं न बघता कळत होतं. आता 'व्हय' म्हटलं की ते संध्याकाळच्या आत घरोघर पोचणार, की मुकादम स्वतःच्या तोंडानं बोलला.

"न्हाय," तो म्हणाला. "ती घरातच असती."

डॉक्टरांनी एकदा त्याच्याकडं बघितलं. मग म्हणाले की असं असेल तर हा गोवर समजायचा, मोठ्या माणसालाही होतो, त्याला औषध नाही, जपा आणि पाणी पाजत राहा. मथुराबाईनं त्यातला एकच शब्द उचलला. गोवर म्हणजे तरी कोण? बाईच. ते घरी पोचले आणि घटकाभरात वस्तीला कळलं की डॉक्टरनंसुद्धा कबूल केलं.

त्या दिवशी संध्याकाळी श्रीपती जेवायला बसला. ताटात वरण होतं, पण नुसतं पिवळं पाणी. जिरं नाही, लसूण नाही, तेलाचा थेंब नाही. घरात फोडणीचा वाससुद्धा नव्हता. त्यानं घास तोंडात घेतला आणि त्याला उमगलं. ज्या घरात बाई येते त्या घरात फोडणी देत नाहीत, केस विंचरत नाहीत, औषध देत नाहीत. त्यानं आतल्या खोलीत बघितलं. चांगुणाच्या उशाशी लिंबाचा टहाळा होता, आणि मागच्या वेळच्या उरलेल्या गोळ्या कडूबाईनं कुठंतरी ठेवून दिल्या होत्या.

एरवी त्यानं घर डोक्यावर घेतलं असतं. पण आज ओरडून करणार काय? औषध नाही असं डॉक्टर म्हणत होते, औषध देऊ नये असं आई म्हणत होती. कुठूनही गेलं तरी पोरीच्या हातावर ठेवायला त्याच्याजवळ काही नव्हतं. तो बिनफोडणीचं वरण मुकाट्यानं जेवला.

सकाळी चांगुणा त्याला ओळखेना. काहीतरी पुटपुटत होती, त्यात गाईचं नाव येत होतं. दावणीला गाय हंबरत होती, कारण तिच्याकडं कुणी बघितलंच नव्हतं. श्रीपती उठून तिच्यापाशी गेला. कानात हात घातला तर एरंडाच्या बियांसारखे टच्च फुगलेले गोचीड. त्यानं एक ओढला आणि, रोज चांगुणाला करताना बघत आला होता तसाच, दोन नखांत धरून फोडला. बोटावर रक्त आलं.

तो त्या बोटाकडं बघत राहिला. डॉक्टरांनी काय विचारलं होतं? रान विचारलं होतं, गुरं विचारली होती, गोचीड विचारला होता. देवीचं नाव त्या माणसानं काढलंच नव्हतं. देवी दाराला टेकून उभी होती ती श्रीपतीच्या डोक्यात, आणि तिला तोंड देता देता तो ज्याला उत्तर द्यायचं त्यालाच खोटं बोलला होता. मग तो चपला न घालताच निघाला.

पंचाक्षरी डॉक्टर जेवायला उठायच्या बेतात होते. दवाखाना भरलेला होता. श्रीपतीनं कुणाची पर्वा केली नाही.

"जाती, साहेब. रोज जाती. माझ्याच रानात जाती. गाईचे गोचीड नखानं फोडती. काल म्या खोटं बोललो."

डॉक्टर एकदम उभे राहिले. एवढा शहाणासुरता माणूस तू, काल का नाही बोललास, असं त्यांनी विचारलं, पण उत्तराची वाट बघितली नाही. पलटणीत असताना त्यांनी असला ताप बघितला होता. गोचीड चावला की येतो, आणि फोडलेल्या गोचिडाचं रक्त काट्याच्या जखमेत गेलं तरी येतो, असं त्यांनी हात धुता धुता सांगितलं. ह्यावर औषध होतं. कॅप्सुली होत्या, आणि त्या वेळेवर पोटात गेल्या तर माणूस उठतो. वेळेवर, हा शब्द त्यांनी दोनदा म्हटला.

कॅप्सुली घेऊन तो घरी आला तर उंबऱ्यात कडूबाई आडवी बसलेली. सत्तरी ओलांडलेली, हातापायांच्या काड्या झालेल्या, पण त्या क्षणी तिला ओलांडून जायची कुणाची छाती नव्हती. बाई अंगात असताना औषध दिलं तर ती कोपते आणि माणूस घेऊनच जाते, हे तिनं डोळ्यांनी बघितलं होतं. तिची स्वतःची दोन लेकरं देवीत गेली होती.

"आधी तिला खड्ड्यात घातलंस," ती म्हणाली. "आता हिला घालतोस व्हय रं?"

श्रीपतीजवळ हजार उत्तरं होती. विहारात त्यानं हीच उत्तरं दिली होती, आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या होत्या. पण आत पोरीचा श्वास लागला होता आणि उत्तरं द्यायला वेळ नव्हता. तो आईसमोर खाली बसला.

"माय, तुझं खरं. ताप रानातनंच आलाय. म्या लावलेल्या रानातनं. आता मला आत जाऊ दे."

कडूबाई त्याच्याकडं बघत राहिली. ह्या मुलानं कधी काही कबूल केल्याचं तिला आठवत नव्हतं. ती भिंत धरून उठली आणि बाजूला झाली. श्रीपतीनं चांगुणाचं डोकं मांडीवर घेतलं, जबडा उघडला आणि पहिली कॅप्सूल पाण्याबरोबर उतरवली. दुपारभर तो तसाच बसून होता. मांडीला मुंग्या आल्या, पण हलला नाही. त्याला रडू येत होतं आणि तो रडलाही, कारण बघायला कुणी नव्हतं.

चांगुणा उठली. लगेच नाही, आधी ताप उतरला, मग तिनं पाणी मागितलं, मग एक दिवस वरण तोंडात घेऊन 'ह्याला फोडणी का न्हाय' म्हणून विचारलं. केसांचे पुंजके गळाले आणि चालताना तोल जायचा, पण उठली. गुलाब कारखान्यावरून येऊन बघून गेला. वस्तीतल्या आणखी एकदोघांना ताप भरला होता. श्रीपतीनं त्यांना स्वतः दवाखान्यात नेलं, आणि तेही वाचले.

डॉक्टर वस्तीत आले. गुरं रानात घालू नका, गोचीड नखानं फोडू नका, आणि घरांना लागून जी जाळी माजलीय ती आधी काढा, नाहीतर हे दरवर्षी होणार, असं बजावून गेले. श्रीपतीनं एकच रात्र विचार केला. ज्या झाडांवर त्यानं नाव कमावलं ती झाडं. दुष्काळातली सावली. पण चांगुणाचा न ओळखणारा चेहरा डोळ्यांपुढून जात नव्हता. सकाळी त्यानं सोसायटीचे मजूर बोलावले आणि कुऱ्हाडी, कोयते घेऊन रानाच्या कडेला उभं केलं.

मजूर पुढं होईनात. त्यांचा म्होरक्या रामकिसन, बहात्तर साली श्रीपतीच्या हाताखाली खड्डे खणलेला. त्यानं कुऱ्हाड खांद्यावरून खाली घेतली. देवीच्या जागेतलं झाड तोडत नाहीत, हे काय मुकादमाला सांगायला हवं? आणि देवी आहे हे तर आता मुकादम स्वतःच बोलला होता. आईपाशी बोलला ते मथुराबाईनं भिंतीपलीकडून ऐकलं होतं. दवाखान्यात बोलला ते भरल्या दवाखान्यानं ऐकलं होतं. ताप रानातून आला. म्हणजे कुणी धाडला? मथुराबाई बायका घेऊन आली होती, हातात हिरव्या बांगड्या आणि लिंबं. बायका अनवाणीच आत शिरून देवीची जागा हुडकणार होत्या. त्या जाळीत, त्या गोचिडांत, अनवाणी.

श्रीपतीनं समजावलं. गोचीड हातावर घेऊन दाखवला. सगळ्यांनी ऐकून घेतलं आणि कुणी जागचं हललं नाही. खरं बोलून त्यानं पोर वाचवली होती, आणि त्याच खऱ्यानं रानाभोवती कुंपण घातलं होतं.

शेवटी रामकिसन म्हणाला, "मुकादम, तिला तुमी पुरलं. तुमीच वर काढा. ती भाईर आली की आमी रान साफ करतो."

श्रीपतीनं मागं बघितलं. विहारातली दोन पोरं रस्त्यावर उभी होती, ज्यांना त्यानं दगड तो दगड म्हणून शिकवलं होतं. आई मथुराबाईच्या खांद्याला धरून उभी होती. त्यांच्या पलीकडं, डोक्याला फडकं बांधलेली चांगुणा, एका हातानं विजेचा खांब धरून. तो एक वेळ सगळ्यांना शिव्या घालून घरी जाऊ शकत होता. मग पुढच्या कार्तिकात कुणाचा हात उजेडात धरून बघायचा?

त्यानं बायकांना रस्त्यावरच थांबायला सांगितलं, पायांना गोणपाट गुंडाळलं, कुदळ घेतली आणि कोयत्यानं वाट काढत आत शिरला. कोणतं झाड ते त्याला पक्कं माहीत होतं. इतक्या वर्षांत कडेनं फिरताना त्या झाडाच्या शेंड्यावर नजर टाकल्याशिवाय त्याची एकही फेरी पुरी झाली नव्हती. रामकिसन मागं मागं आला, पण लांबच थांबला. श्रीपती खणत राहिला. बाभळीनं दगडाला मुळ्यांनी असं आवळून धरलं होतं की झाड काढल्याशिवाय दगड निघेना. आधी बुंधा तोडला, मग एकेक मूळ. वेडी बाभूळ नुसती तोडली तर दुप्पट फुटते, मुळासकट निघाली तरच मरते, हे त्याच्याइतकं कुणाला माहीत? बाकीचं रान हे लोक वरच्या वर तोडणार होते आणि ते पुन्हा फुटणार होतं. दरसाल तोडावं लागणार होतं. दरसाल तो तोडून घेणार होता.

कुदळीनं जमेना तेव्हा तो खड्ड्यात उतरला. गुडघे टेकले, छाती मातीला लावली आणि दोन्ही हात दगडाखाली घातले. रामकिसननं ते बघितलं आणि त्यानं आरोळी दिली. रस्त्यावर बायकांनी उदो केला. श्रीपतीच्या कानांवर ते सगळं पडलं. तो काही बोलला नाही, कारण दगड जड होता आणि दम पुरत नव्हता.

छातीशी धरून त्यानं दगड बाहेर आणला आणि रस्त्यापलीकडं, लिंबाखाली, घरांपासून लांब ठेवला. शेंदूर कधीच गेला होता. कडूबाई तिथंच बसली आणि दगडावरची माती पदरानं पुसायला लागली. विहारातली पोरं निघून गेली होती. मागं पहिली कुऱ्हाड पडली, मग दुसरी, मग आवाज मोजता येईनासे झाले.

श्रीपती खांबापाशी आला. चांगुणानं पदराच्या टोकानं त्याच्या कपाळावरची माती पुसायला हात वर केला आणि मधेच थांबली.

"मामा," ती हळूच म्हणाली, "तुमी वाकलात."

"खड्डा खोल हुता, पोरी," श्रीपती म्हणाला आणि तिच्या हाताला धरून तिला घराकडं घेऊन चालायला लागला.